औषध दाद देत नाही, म्हणून आणखी भारी औषध?

राहुरीकडच्या एका तरुण दूध उत्पादकाने विचारलं आहे : ‘माझ्याकडे १४ एचएफ संकरित गाई आहेत. त्यातल्या एकीला मागच्या डाव्या सडाला तिसऱ्यांदा दगडी (कासेचा दाह) झाली. गाय तिसऱ्या वेताची, विऊन साडेचार महिने झाले. पहिल्या वेळी तीन दिवसांत बरी झाली, दुसऱ्या वेळी पाच दिवस लागले. आता सेफ्ट्रायॅक्झोनचे पाच डोस झाले, सडात ट्यूबा सोडल्या, तरी सकाळच्या पहिल्या धारेला गुठळ्या येतातच. लॅबचा रिपोर्ट काढला. जंतू स्टॅफिलोकोकस ऑरियस. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, टेट्रासायक्लिन, एन्रोफ्लॉक्सॅसिनपुढे आर, म्हणजे चालत नाही. सेफ्ट्रायॅक्झोन आणि जेंटामायसिनपुढे एस, म्हणजे चालतं. मग एस असलेलं औषध देऊनही गाय बरी का होत नाही? यापेक्षा भारी कोणतं? आणि बाकीच्यांना लागू नये म्हणून आटवताना (विण्याआधी दूध बंद करताना) सगळ्यांनाच ट्यूब सोडू का? या गाईचं दूध सध्या वासरांना पाजतोय, ते चालेल ना?’

शेवटचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारला आहे, पण मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याकडे येतोच. भारी औषधाबद्दल आधीच सांगतो : या गाईसाठी ते नाही. बाजारात यापेक्षा महाग इंजेक्शनं आहेत, तुमचा मेडिकलवाला ती देईलही, आणि आठ दिवसांनी आपण पुन्हा इथेच असू.

रिपोर्टवरचं एस आणि आर कसं ठरतं, ते एकदा लॅबमध्ये उभं राहून बघा. काचेच्या उथळ बशीत खळीसारखा एक थर ओतलेला असतो. तुमच्या गाईच्या दुधातून वाढवलेले जंतू त्यावर कापसाच्या बोळ्याने अंगण सारवावं तसे सगळीकडे पसरतात. वर कागदाच्या बारीक गोल चकत्या ठेवतात, शर्टाच्या बटणाहून लहान. प्रत्येक चकतीत एकेका औषधाची ठरलेली मात्रा भिनवलेली. बशी रात्रभर ३५ ते ३७ अंशांच्या उबेत राहते. सकाळी जंतूंची पांढुरकी साय सगळीकडे धरलेली दिसते, आणि काही चकत्यांभोवती मात्र स्वच्छ गोल मोकळा राहतो. तो गोल पट्टीने मोजायचा. ठरलेल्या मिलिमीटरपेक्षा मोठा असेल तर एस, लहान असेल तर आर.

या सगळ्यात गाय कुठेच नाही. बशीतला जंतू उघड्यावर, एकटा, भराभर वाढणारा आणि औषधात थेट बसलेला असतो. शिवाय ‘ठरलेले मिलिमीटर’ ठरवताना औषध रक्तात किती मिळतं हे बघितलेलं असतं, आणि पुष्कळ औषधांच्या बाबतीत तर माणसाच्या रक्तात. कासेसाठी म्हणून ठरवलेल्या मर्यादा फार थोड्या औषधांना आहेत. त्यामुळे रिपोर्टवर आर आलं तर ते औषध सोडून द्या, एवढं मी डोळे झाकून सांगतो. एस आलं तर ‘जमू शकेल’ एवढंच समजायचं.

मानेत किंवा शिरेत टोचलेलं औषध रक्तातून दुधात उतरावं लागतं, आणि सगळी औषधं सारखी उतरत नाहीत. रक्ताचा सामू (पीएच) साधारण ७.४, दुधाचा ६.६ च्या आसपास. या फरकामुळे टायलोसिनसारखी काही औषधं दुधात ओढली जातात. जेंटामायसिन मात्र इंजेक्शनने दिलं तर कासेपर्यंत नावापुरतंच पोचतं, उलट गाईच्या किडनीत फार काळ रेंगाळतं. सेफ्ट्रायॅक्झोनही रक्तातून दुधात कमीच उतरतं. म्हणजे रिपोर्टवर ज्या दोन औषधांपुढे एस आहे, ती दोन्ही टोचून कासेत नेणं अवघड. आपल्याकडे सेफ्ट्रायॅक्झोन एवढं का चालतं? एका व्हायलची किंमत कमी झाली, नाव मोठं आहे, आणि ‘साहेबांनी भारी इंजेक्शन दिलं’ याने मालकाचं समाधान होतं. डॉक्टरचंही होतं, हे मी स्वतःला धरून म्हणतोय.

आता ऑरियसकडे. तुमच्या गाईला तीनदा दगडी झाली असं तुम्ही म्हणता. मला वाटतं तिला एकदाच झाली. ती बरी झालीच नाही, फक्त मधेमधे दिसेनाशी झाली. हा जंतू कासेत शिरला की दूध बनवणाऱ्या पेशींच्या थराखाली जातो. त्याला गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशींच्या पोटातही जिवंत राहतो. शरीर त्याच्याभोवती भिंत घालतं, आत बारीक पुवाचे खडे तयार होतात. धार काढून कास रिकामी झाल्यावर मागचा डावा भाग तळहाताने वरून खाली चेपत या. खोलवर सुपारीएवढी, कधी लिंबाएवढी गाठ हाताला लागेल. औषध त्या भिंतीच्या आत जात नाही. आतले जंतू अर्धवट झोपलेले असतात, आणि पेनिसिलिनच्या जातकुळीची औषधं वाढणाऱ्या जंतूलाच मारतात. ट्यूब सोडल्यावर दुधात मोकळे फिरणारे जंतू मरतात, गुठळ्या थांबतात, आपण खूश होतो. पंधरा-वीस दिवसांनी एखादा खडा फुटतो आणि पुन्हा सुरुवात. याला औषध-प्रतिरोध म्हणायचं नाही. जंतू औषधापुढे कच्चाच आहे, औषध त्याच्यापर्यंत पोचत नाहीये.

खरा प्रतिरोधही तुमच्या रिपोर्टवर आहेच. पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन आर आहेत, कारण तुमच्या जंतूकडे पेनिसिलिन फोडणारं विकर (एन्झाइम) असणार. ते बनवायची कृती जंतूच्या आत एका सुट्या गोल धाग्यावर लिहिलेली असते, आणि तो धागा एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो. म्हणूनच नुसत्या अमॉक्सिसिलिनऐवजी सल्बॅक्टम किंवा क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल घातलेली जोडऔषधं आली. हा जोडीदार स्वतः जंतूला मारत नाही, ते विकर अडवून धरतो. क्लॉक्सॅसिलिनला ते विकर फोडू शकत नाही. ही पहिली पायरी.

दुसरी पायरी जास्त वाईट. मेथिसिलिनला (हेही पेनिसिलिनच्याच कुळातलं) दाद न देणारा ऑरियस आपलं कुलूपच बदलून टाकतो. पेनिसिलिनची किल्ली जिथे बसायची ती जागाच वेगळी बनते, मग क्लॉक्सॅसिलिन, सल्बॅक्टमची जोडी, सेफ्ट्रायॅक्झोन, सगळं कुटुंबच फुकट. बशीत सेफ्ट्रायॅक्झोनभोवती छान मोठा गोल दिसला तरी ते आर धरायचं असतं. हा जंतू दवाखान्यातल्या माणसांचा म्हणून ओळखला जातो, पण जनावरांमधली त्याची पहिली नोंद १९७२ साली बेल्जियममध्ये दगडी झालेल्या गाईंच्या दुधातूनच झाली. आणि २०११ साली इंग्लंडमध्ये गाईंच्या दगडीवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना दुधात याचा एक नवाच प्रकार सापडला, जो त्या वेळच्या नेहमीच्या जनुक चाचणीत दिसतच नव्हता. नंतर शोधलं तर तो माणसांतही होता. तुमच्या रिपोर्टवर सेफॉक्सिटिनची चकती दिसत नाही. लॅबला फोन करून तेवढी लावायला सांगा. सेफॉक्सिटिन औषध म्हणून वापरायचं नसतं, ते फक्त हे कुलूप ओळखायला लावतात. ते आर आलं तर पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिन घराण्यावर एक रुपयाही घालवायचा नाही, आणि धार काढणाऱ्याच्या हाताला जखम असेल तर त्याने हातमोजे घातल्याशिवाय त्या गाईला हात लावायचा नाही.

जंतू औषधाला ‘सरावतो’ असं आपण बोलतो, पण एकेकटा जंतू सरावत बिरावत नाही. कोट्यवधींत दोनचार आधीच वेगळे असतात. औषधाने बाकीचे मेले की रान त्यांना मोकळं. शेतात एकच तणनाशक वर्षानुवर्षं मारल्यावर कोणतं गवत उरतं ते तुम्ही बघितलं असेलच, तसंच. फरक इतकाच की गवताला वाढायला हंगाम लागतो आणि अनुकूल जागी कोलाय (आतड्यात, शेणात असणारा ई. कोलाय) जंतू वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. दुसरं म्हणजे इंजेक्शन कासेसाठी टोचलं तरी ते आतड्यातही उतरतं. तिथे अब्जावधी जंतू असतात, त्यांचा दगडीशी काही संबंध नसतो, पण निवड त्यांच्यातही होते. मग ते शेणात, शेण गोठ्यात, गोठ्यातून सडाला. पुढची दगडी त्यांच्यापैकी एखाद्याने होते आणि पहिल्याच दिवशी सेफ्ट्रायॅक्झोन चालत नाही.

इथे कोलायबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त औषध त्याच्यावर वाया जातं. पावसाळ्यात, चिखल झालेल्या गोठ्यात, नुकत्याच व्यालेल्या गाईला एकदम येणारी दगडी बहुतेक वेळा कोलाय किंवा त्याच्या भावकीची. दूध पाण्यासारखं पिवळट, कास गरम. यात दोन टोकं असतात. गाय खाते-पिते, ताप नाही, फक्त दूध फुटकं किंवा कास थोडी सुजलेली, अशा गाईचं शरीर जंतूला बहुतेक वेळा स्वतःच दोन-तीन दिवसांत साफ करतं. आपण पहिल्या दिवशी इंजेक्शन देतो, तिसऱ्या दिवशी गाय बरी होते आणि श्रेय इंजेक्शनला जातं. दुधाचे नमुने तपासायला पाठवले तर दगडीच्या दर तीन-चार गाईंमागे एकीच्या नमुन्यात काहीच उगवत नाही, म्हणजे बऱ्याचदा शरीराने काम आधीच उरकलेलं असतं. अशा गाईला दिलेल्या प्रतिजैविकाचा उपयोग एवढाच, की गोठ्यातल्या बाकीच्या जंतूंची निवड झाली.

दुसरं टोक म्हणजे गाय खाली बसली आहे, कान गार, डोळे खोल, रवंथ बंद. तिथे नमुन्याची, रिपोर्टची वाट बघायची नाही. तासाचा प्रश्न असतो. तिला जंतूपेक्षा त्याचं विष मारत असतं, म्हणून शिरेतून सलाइन आणि सुजेवरचं औषध आधी, प्रतिजैविक सोबत. मेलॉक्सिकॅम चालतं. कुणी जुन्या साठ्यातलं डायक्लोफेनॅक काढलं तर नको म्हणा, गिधाडांमुळे जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे. तुमची गाय या दोन्ही टोकांत नाही, पण उरलेल्या १३ पैकी एखादी उद्या असेल, म्हणून लिहिलं.

आणि एक गोष्ट माझ्या स्वतःच्या खात्यावरची. प्रॅक्टिसच्या चौथ्या वर्षी एका गोठ्यात तीन गाईंना दगडी होती. ट्यूबा संपल्या होत्या. मी मोठ्या बाटलीतलं इंजेक्शनचं औषध सलाइनमध्ये मिसळलं आणि सुई काढून एकाच सिरिंजने तिन्ही गाईंच्या सडात सोडलं. त्या काळी सगळेच करायचे, अजूनही करतात. आठवड्याने तिन्हींच्या कासा टम्म. दूध करडं, घट्ट. मी औषध बदललं. मग पुन्हा बदललं. प्रत्येक बदलाबरोबर ताप वाढत गेला. शेवटी नमुना पाठवला तेव्हा जंतू नव्हताच, यीस्ट होतं. म्हणजे पावाच्या पिठाला, ताडीला येतं त्या घराण्यातली बुरशी, माझ्याच सिरिंजने आत गेलेली, आणि प्रतिजैविकाने आजूबाजूचे जंतू मारून तिला जागा करून दिलेली. सगळी औषधं बंद केली, दर दोन-तीन तासांनी धार काढायला लावली. दोन गाई सावरल्या. तिसरीचे दोन सड गेले. मालकाने एक शब्द बोलला नाही, पुढच्या वेळेपासून दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं. तेव्हापासून ‘दाद देत नाही’ हे वाक्य कानावर आलं की मी आधी विचारतो, समोर जंतू आहे तरी का? प्रोटोथिका नावाचं एक शेवाळ असतं, घाणेरड्या पाण्यातून सडात शिरतं, त्याला कुठलंही प्रतिजैविक लागू पडत नाही. मायकोप्लाझ्माला भिंतच नसते, त्यामुळे भिंत फोडणारं पेनिसिलिन त्याच्यावर काय फोडणार?

नमुना कसा घ्यायचा ते नीट बघा, कारण लॅबमधले अर्धे गोंधळ गोठ्यातून आलेले असतात. औषध सुरू करण्यापूर्वी घ्यायचा. सुरू झालं असेल तर थांबवून काही दिवस जाऊ द्यावे लागतात. सड धुतला तर पूर्ण कोरडा करायचा, ओल्या सडावरून ओघळणारं पाणी बाटलीत गेलं की रिपोर्टवर शेणातलं सगळं गाव उगवतं. पहिल्या तीन-चार धारा सोडून द्यायच्या. मग सडाचं तोंड सत्तर टक्के स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, बोळा स्वच्छ निघेपर्यंत, दर सडाला नवा बोळा. चारही सडांचे नमुने घ्यायचे असतील तर पुसताना आधी लांबचे सड, नंतर जवळचे. घेताना उलट, आधी जवळचे, मग लांबचे, म्हणजे तुमची बाही पुसलेल्या सडाला लागत नाही. निर्जंतुक बाटली आडवी धरायची, झाकण हातातच उपडं, दोन-तीन धारा पुरेत. बाटलीवर गाईचा नंबर आणि सड लिहायचा. लगेच बर्फात. त्याच दिवशी पोचलं तर उत्तम. कुठे? शिरवळ किंवा परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागात, किंवा तुमच्या दूध संघाची सोय असेल तर तिथे.

तुमच्या गाईचं काय करायचं? परदेशी पुस्तकं अशा गाईला कळपातून काढा म्हणतात आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळतात. आपल्याकडे काढणं म्हणजे काय? महाराष्ट्रात गाईची कत्तल १९७६ च्या कायद्यानेच बंद आहे, २०१५ पासून सगळ्या गोवंशाची. म्हणजे गाय बाजारात जाते, आदल्या दिवशी कुणीतरी ट्यूब सोडून दूध स्वच्छ करतो, आणि तुमचा ऑरियस दुसऱ्या तालुक्यातल्या गोठ्यात राहायला जातो. तुमच्याकडे तो कदाचित असाच आला असेल. ही गाय विकत आणलेली आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

पहिलटकरू असती, नुकतीच लागण झालेली, गाठ नसती, पेनिसिलिनपुढे एस असतं, तर मी म्हटलं असतं की एकदा जोर लावू. योग्य औषधाच्या ट्यूबा सलग पाच ते आठ दिवस, एकही धार न चुकवता. तिसरं वेत, मागचा सड, तिसरी खेप, पेनिसिलिन आर, आणि बहुतेक गाठही असणार, यात मला पैसे घालवण्यासारखं काही दिसत नाही. सेफ्ट्रायॅक्झोन आजपासून बंद. सूज आणि ताप नसेल तर तो एक सड कायमचा आटवा, तुमच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तीन सडांवर गाय अपेक्षेपेक्षा बरंच दूध देते, बाकीचे सड थोडी भर काढतात. गाभण असेल तर वेळेआधी आटवण्याचा विचार करा. आटलेल्या कासेत लांब टिकणारं क्लॉक्सॅसिलिनसारखं औषध आठवडेच्या आठवडे बसून राहतं, दुधाबरोबर वाहून जात नाही, म्हणून दुभत्या काळापेक्षा तेव्हा ऑरियस बरा व्हायची शक्यता जास्त असते. अर्थात सेफॉक्सिटिन एस आलं तरच. आणि तोपर्यंत तिची धार सगळ्यात शेवटी. मशीन असेल तर तिचा क्लस्टर (सडांना लावायचा संच) वेगळा, नसेल तर तिच्यानंतर धुवून मगच दुसरीकडे. ऑरियस शेणातून कमी आणि हातातून, फडक्यातून, मशीनच्या रबरी लायनरमधून जास्त पसरतो. चौदा गाईंना एक फडकं असेल तर ते आज चुलीत घाला.

सरसकट सगळ्यांना आटवताना ट्यूब सोडायची का, यावर माझं मत गेल्या काही वर्षांत बदललं आहे. आम्हाला कॉलेजात शिकवलं ते सरसकट. इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकात पाच कलमी कार्यक्रम आला, त्यातलं ते एक कलम, आणि त्याने तिथली दगडी खरोखर कमी झाली. नंतर नेदरलँड्सने २०१२-१३ च्या सुमारास सरसकट सोडण्यावर बंदी घातली, आणि युरोपीय संघात जानेवारी २०२२ पासून निरोगी जनावराला नेमाने प्रतिजैविक देणं कायद्यात बसत नाही. कासा काही सडल्या नाहीत. पण त्यांच्याकडे दर महिन्याला प्रत्येक गाईच्या दुधातल्या पेशी मोजलेल्या असतात, कोणती गाय निरोगी हे त्यांना ठाऊक असतं. तुमच्याकडे तो आकडा नाही. म्हणून मधला मार्ग सांगतो. आटवायच्या आठवडाभर आधी सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, दगडीची गोठ्यातली चाचणी) करा. चार खणांच्या ताटलीत चारही सडांचं दूध आणि तेवढंच द्रावण, गोल फिरवायचं, जिथे अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं घट्ट होईल तो सड दोषी. द्रावण मिळालं नाही तर कपडे धुण्याच्या पावडरचं तीन टक्के पाणीसुद्धा काम भागवतं. जिच्या एकाही सडात घट्ट झालं नाही आणि या वेतात दगडी झाली नाही, तिला औषधाची ट्यूब नको. सडाचं तोंड आतून बंद करणारं सीलंट मिळालं तर ते भरा, त्यात प्रतिजैविक नसतं, बिस्मथचा लगदा असतो. मात्र सीलंट भरताना सड नमुन्याइतकाच स्वच्छ हवा, नाहीतर जंतू आत कोंडून वर बूच मारल्यासारखं होईल. तेवढी स्वच्छता जमणार नसेल तर सीलंटही नको.

बाकी गोठ्याचं तुम्हाला माहीत आहे : धार काढल्यावर सड आयोडीनमध्ये बुडवा आणि लगेच वैरण टाका, म्हणजे गाय अर्धा-पाऊण तास उभी राहील आणि सडाचं तोंड मिटेल. रबरी लायनर अडीच हजार धारांनंतर बदला. तो अजून चांगला दिसत असतो, आतून त्याला भेगा गेलेल्या असतात.

कोरफड-हळद-चुन्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी विचारेलच. २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद, १५ ग्रॅम चुना वाटून कासेला बाहेरून लावायचा, हा पाठ राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळानेही गावोगाव पोचवला आहे. खाती-पिती गाय, सौम्य सूज, तर जरूर लावा. त्या दोन-तीन दिवसांत प्रतिजैविक वाचलं तरी पुष्कळ झालं. ऑरियसची गाठ त्याने विरघळत नाही. आणि सडाच्या आत घरगुती काहीही सोडायचं नाही. माझी तीन गाईंची गोष्ट आठवा.

आता वासरांचं दूध. चालणार नाही. ट्यूब सोडलेल्या सडाच्या दुधात औषध असतं, पण वासराचा जंतुसंसर्ग बरा करण्याइतकं नसतं. अगदी थोडं, रोज दोन वेळा, महिनाभर. औषधाला दाद न देणारे जंतू पैदा करायची यापेक्षा चांगली पद्धत मला कुणी विचारली तरी सांगता येणार नाही. त्या वासराला हगवण लागली की नेहमीचं औषध चालेलच असं नाही. शिवाय त्या दुधात ऑरियस आहेच, आणि पिणारी वासरं एकमेकींचे कोवळे सड चोखतात. उकळून पाजलं तर? ऑरियस मरेल, औषध बहुतेक तसंच राहील. खड्ड्यात ओता, विहिरीपासून आणि शेणाच्या टाकीपासून लांब.

डेअरीलाही नाही. औषधाच्या खोक्यावर दूध किती दिवस घालायचं नाही ते लिहिलेलं असतं, लिहिलेलं नसेल तर आपल्या कायद्याप्रमाणे दुधासाठी किमान सात दिवस धरायचे. आणि एकाच सडात ट्यूब सोडली तरी चारही सडांचं दूध बाजूला, कारण औषध रक्तातून बाकीच्या सडांतही थोडं उतरतं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ नमुने तपासले, त्यातल्या ७७ मध्ये प्रतिजैविकं मर्यादेच्या वर निघाली. प्रमाण १.२ टक्के, ऐकायला थोडं वाटतं. पण एका कॅनमधलं दूध टँकरमध्ये मिसळतं. घरचीच खूण हवी असेल तर घरातल्या बायकांना विचारा, दही लागतंय का. माझ्याकडे एक आजी तक्रार घेऊन आल्या होत्या की सुनेच्या हाताला विरजण लागत नाही. सुनेचा काही दोष नव्हता. मुलाने परवाच गाईला ट्यूब सोडली होती, आणि विरजणातले जंतू त्या दुधात बिचारे पहिल्याच रात्री मरत होते.

तर एवढं करा. सेफॉक्सिटिनचा निकाल कळवा. गाठ लागते का ते चेपून बघा. तेराही गाईंची सीएमटी करून कोणाचा कोणता सड घट्ट होतो ते वहीत लिहा, आणि त्या सडांचे नमुने पाठवा. सोमवारी किंवा मंगळवारी पाठवा. शनिवारी पाठवलेला नमुना रविवारभर कुठल्यातरी टेबलावर बसतो, आणि मग रिपोर्टवर जे उगवतं ते तुमच्या गाईचं नसतं.